हजेरीपटावर भाताची सही

घोटीकडच्या पोरांचं कॉलेज दोन वेळापत्रकांवर चालतं. एक विद्यापीठाचं, ते नोटीस बोर्डावर लागतं. दुसरं भाताचं, ते बांधावर कळतं. दोन्ही एकाच दिवशी आडवी आली, तर कोण जिंकतं हे इगतपुरी तालुक्यात सांगावं लागत नाही! चला, वर्षभराची झटपट फेरी मारू.

जून : फॉर्म आणि रोप
खाचरात रोप टाकायचं आणि कॉलेजचा फॉर्म भरायचा, दोन्हीची वेळ एकच. घोटीच्या शेजारी इगतपुरीत मराठा विद्या प्रसारक समाजाचं, म्हणजे मविप्रचं कर्मवीर पुंजाबाबा गोवर्धने महाविद्यालय आहे. मविप्र ही 1914 सालची संस्था, म्हणजे पुणे विद्यापीठापेक्षा 35 वर्षांनी थोरली. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे तिचं ब्रीद.

जुलै : आवणीची सुट्टी
ही सुट्टी कुठल्याच यादीत सापडत नाही. आवणी म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, तिला घरातले सगळे हात लागतात. त्यात सकाळी पहिल्या बाकावर बसणारे हातही आले. 75 टक्के हजेरीचा नियम सरांना पाठ असतो आणि सरांचं शेत असेल तर आवणीही!

ऑगस्ट : छत्री एक, समुद्र दोन
19 ऑगस्टला मविप्रच्या शाळा-कॉलेजांत समाजदिन. बाहेर पाऊस असतोच. हे पाणी कुठे जातं हे सांगायला भूगोलाच्या मास्तरांना इथे नकाशा लागत नाही. दारणा नदीत पडलेला थेंब गोदावरीतून बंगालच्या उपसागराकडे निघतो. डोंगरापलीकडे वैतरणेत पडलेला पश्चिमेला वळतो आणि मुंबईकरांच्या नळालाही येतो. दारणा धरण 1916 सालचं, म्हणजे मविप्रहून फक्त दोन वर्षांनी लहान.

सप्टेंबर : एनएसएसचा वाढदिवस
24 सप्टेंबर 1969. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात 37 विद्यापीठांतल्या 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) सुरू झाली. बिल्ल्यावरचं चाक कोणार्कच्या सूर्यमंदिराचं. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास द्यायचे. आवणीचे तास धरले असते, तर घोटीकडची पोरं पहिल्याच महिन्यात पास!

ऑक्टोबर : कळसूबाई, मग पेपर
नवरात्रात 1,646 मीटरवर कळसूबाईचं दर्शन. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, आणि पायथ्याचं बारी गाव घोटी-भंडारदरा रस्त्यावर. खाली उतरलं की सोंगणी आणि सत्र परीक्षा हातात हात घालून उभ्या. विषय राहिलाच तर एटीकेटी. या शब्दाचा भात-सोंगणीशी संबंध नाही. पूर्ण रूप ‘अलाउड टू कीप टर्म्स’, म्हणजे विषय मागे राहिला तरी गडी पुढे!

डिसेंबर : सात दिवसांचं शिबिर
मळणी उरकलेली असते, हवेत गारठा असतो, म्हणून एनएसएसचं निवासी शिबिर याच सुमारास बरं पडतं. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री शेकोटीभोवती नकला. कुदळ कशी धरायची हे इथे मुलं पाहुण्यांना शिकवतात.

जानेवारी : साडी डे ते गॅदरिंग
3 तारखेला सावित्रीबाई फुले यांची जयंती. 1949 साली सुरू झालेल्या पुणे विद्यापीठाला 2014 पासून त्यांचंच नाव आहे. मग साडी डे, टाय डे आणि गॅदरिंग. आईची साडी आणि काकाचा टाय वर्षातून एकदा कपाटाबाहेर पडतात.

फेब्रुवारी : नाशिकचा कॉलेजकुमार
27 तारखेला मराठी भाषा गौरव दिन, म्हणजे कुसुमाग्रजांचा, अर्थात वि. वा. शिरवाडकरांचा जन्मदिवस. ते नाशिकच्या एचपीटी कॉलेजात शिकत होते, तेव्हाच त्यांच्या कविता ‘रत्नाकर’ मासिकात छापून येत होत्या. विसाव्या वर्षी ते काळाराम मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहात उतरले. 1936 साली ‘सती सुलोचना’ चित्रपटात लक्ष्मण झाले. ज्ञानपीठ 1987 सालचं. भित्तिपत्रकाला कविता देताना लाजणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

एप्रिल : बाहेर पडायची दारं
नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या वाटेवर दारंच दारं. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोननंतर पदविका, तीननंतर पदवी, चारनंतर ऑनर्स. घोटीला रस्त्याचंही एक मोठं दार मिळालं आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. त्यातला इगतपुरीजवळचा बोगदा सुमारे आठ किलोमीटरचा. 701 किलोमीटरचा रस्ता आता पोरांना नागपूरला नेतो नि मुंबईच्या उंबऱ्यावरही सोडतो.

मे : निकालाआधीची राब
निकालाची वाट बघत कुणी मोबाइल चाळत बसत नाही. खाचराच्या कोपऱ्यात पालापाचोळा पसरून राब भाजायची असते, तिथेच पुढच्या महिन्यात रोप टाकायचं. गुणपत्रिका पुण्याहून येईल तेव्हा येईल. जमीन मात्र पाऊस यायच्या आत तयार हवी, आणि धाकट्या भावाचा फॉर्मही!