गोळी आधी, निर्णय नंतर
लेखमाला : जिवाची घालमेल – लेखांक ६

छातीतली धडधड हृदयाची की मनाची, हे कसं ओळखायचं ते मागच्या लेखांकात पाहिलं. आता त्याच्या पुढचा प्रश्न: चिंतेसाठी औषध सुरू करावं की करू नये? पुण्या-मुंबईकडच्या लेखांतून याचं उत्तर ठरलेल्या पायऱ्यांनी येतं. आधी समुपदेशन, मग व्यायाम, प्राणायाम, आणि अगदी नाइलाज झाला तर गोळी. धाराशिव जिल्ह्यात मी जे पाहत आलो ते याच्या नेमकं उलटं आहे. इथं गोळी सगळ्यात आधी येते. निर्णय आलाच, तर बऱ्याच वर्षांनी.

समजा, कळंबकडची चाळिशीतली एक बाई आहे. रात्री दोनला दचकून उठते. "जीव खालीवर व्हायलाय, हातापायाला मुंग्या यायल्यात," म्हणते. गावातले डॉक्टर बीपी बघतात, एक सलाईन लावतात. महिन्याभरात पुन्हा तेच. मग लातूर नाहीतर बार्शी, तिथं ईसीजी, टूडी इको. "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका" असं सांगून चिठ्ठीवर शेवटच्या ओळीत एक बारकी गोळी लिहिली जाते: अल्प्राझोलाम, पाव मिलिग्रॅम. पहिल्याच रात्री बाईला झोप लागते. दहा-पंधरा दिवसांच्या गोळ्या संपतात, पण चिठ्ठी पिशवीत जपून ठेवलेली असते आणि मेडिकलवाला ओळखीचा असतो. पावाची अर्धी होते, अर्ध्याची एक. तीन वर्षांनी तिला विचारा, मावशी, मनाच्या आजाराची गोळी घेता का? ती प्रामाणिकपणे म्हणेल, "छे! मला काय येड लागलंय? मी नुसती झोपेची घेते."

तिनं गोळी घ्यायचं कधी ठरवलंच नाही. त्यामुळं ती कधी थांबवायची हेही कुणी ठरवलेलं नाही. माझा आक्षेप गोळीवर नाही, या न ठरवण्यावर आहे.

चिंतेवर दिली जाणारी मुख्य औषधं दोन घराण्यांतली. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम हे पहिलं घराणं. या घराण्यातलं सगळ्यात पहिलं औषध लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून निघून १९६० मध्ये बाजारात आलं. मेंदूतल्या चेतापेशींना शांत करणारं गाबा नावाचं एक रसायन असतं, त्याचा परिणाम ही औषधं वाढवतात. अर्ध्या-एक तासात आराम पडतो, आणि घोटाळाही इथूनच सुरू होतो. रोज घेतली तर काही आठवड्यांतच शरीर त्यांना सरावतं, तेवढ्याच गोळीनं भागेनासं होतं आणि गोळी चुकली की मूळ चिंतेपेक्षा मोठी घबराट उसळते. माणसाला वाटतं, बघा, गोळीशिवाय माझं चालतच नाही. खरं तर ती घबराट बऱ्याचदा गोळी उतरल्याची असते. त्यात वरून दारू घेतली तर श्वास मंदावून जीवावर बेतू शकतं. १ मार्च २०१४ पासून यातली अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधं देशात एच-वन या अनुसूचीत आहेत. प्रत्येक विक्रीची वेगळ्या वहीत नोंद करायची आणि ती वही तीन वर्षं जपायची, हे दुकानदारावर बंधन आहे. जुन्या चिठ्ठीवर गोळी मिळते तेव्हा तुमच्यावर कुणी उपकार करत नसतं.

दुसरं घराणं एसिटालोप्राम, सर्ट्रालिन यांचं. ही मुळात नैराश्याची औषधं म्हणून आली, पण दीर्घकाळच्या चिंतेवर आज जगभर आधी हीच दिली जातात. यांची तऱ्हा पहिल्याच्या उलट. पहिल्या रात्री काहीच होत नाही. उलट पहिला आठवडा-पंधरवडा मळमळ, डोकेदुखी, कधी अस्वस्थता जरा वाढलेलीच. गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे याच पंधरवड्यात औषध सुटतं. "मानवली नाही" म्हणून गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात पडते आणि पेशंट पुन्हा बारक्या गोळीकडं वळतो. डॉक्टरांनी पाच मिनिटं काढून एवढं आधी सांगितलं असतं तर? ओपीडीबाहेर रांग असते, मान्य. पण हे न सांगता लिहिलेली चिठ्ठी अर्धीच असते.

"सवय लागेल" ही भीती मी घरोघरी ऐकतो आणि ती नेहमी चुकीच्या गोळीच्या वाट्याला येते. मानसोपचारतज्ज्ञानं लिहिलेल्या एसिटालोप्रामला लोक घाबरतात. तिची तलफ लागत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. (तीही एकदम बंद करू नये, चक्कर येते, डोक्यात झिणझिण्या उठतात. म्हणून सावकाश उतरवायची. शिवाय काहींची लैंगिक इच्छा कमी होते. हे तर नवरा-बायकोही एकमेकांशी बोलत नाहीत, डॉक्टरांशी कुठून बोलणार!) आणि जिची खरोखर सवय लागते ती मात्र किराणा सामानाबरोबर घरात येत राहते.

मग गोळी कुणाला? प्रत्येक भीती हा आजार नाही, हे या जिल्ह्याला सांगायची गरज पडू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंपानं लातूरबरोबर आपल्या सास्तूर आणि आसपासच्या गावांचंही होत्याचं नव्हतं केलं. त्यानंतर कितीतरी दिवस लोक छताखाली झोपायला तयार नव्हते. त्या भीतीला कारण होतं आणि बहुतेकांची ती हळूहळू ओसरली. काहींची नाही ओसरली. उपचार त्यांना हवे होते. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पुरानं पिकांसकट माती वाहून नेली, तेव्हाही झोप उडाली नसती तरच नवल. अशा आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात पहिल्या घराण्यातल्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्येच सांगून ठेवलंय.

मी स्वतः दोन गोष्टी विचारतो. हे किती दिवस चाललंय, आणि यापायी काय काय सुटलं? चिंता सहा-सहा महिने बहुतेक दिवस मागं लागलेली असेल, एसटीत बसवत नाही म्हणून लेकीच्या गावाला जाणं बंद झालं असेल, बाजाराच्या दिवशी माणसांत उभं राहवत नसेल, तर औषधाचा विचार आता करायचा. त्याहून सौम्य असेल तर बोलण्याचे उपचार आणि रोजचं चालणं आधी करून बघावं. विचारांची गुंफण उकलून दाखवणारी समुपदेशनाची पद्धत चिंतेवर औषधाच्या तोडीस तोड ठरलेली आहे. अडचण एवढीच की ती शिकलेली माणसं तालुक्याच्या गावी सहज भेटत नाहीत. २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी सुरू झालेल्या प्रेरणा या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पात आपला जिल्हा आहे. आशाताईंनी घरी येऊन प्रश्नावली भरून घेतली असेल तर ती याच कामाची. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही चालतो, पैसे पडत नाहीत. मरणाचे विचार येत असतील तर मात्र फोनवर न थांबता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

सावकाराचं कर्ज गोळीनं फिटत नाही, हा टोमणाही कानावर येतो. खरं आहे. पण बँकेच्या दारात जाऊन बोलायचं बळ ज्याच्यात उरलेलं नाही, त्याला आधी झोप मिळायला हवी.

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गोळ्या फुकट मिळतात. जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, गुडघ्याच्यासुद्धा. एसिटालोप्रामबरोबर डायक्लोफेनाकसारखी दुखण्याची गोळी रोज पोटात गेली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि ट्रामाडोलशी तिचं जमत नाही. दमा असेल तर सांगा, कारण धडधडीसाठी दिलं जाणारं प्रोप्रानोलोल दमेकऱ्याला चालत नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगा. दोन्हींपैकी एक बिघडलं तरी छाती धडधडते. दिवस गेलेले असतील किंवा पेशंट पंचविशीच्या आतला असेल तर सुरुवातीचे आठवडे डॉक्टरांची नजर जास्त हवी. आणि उठण्याआधी विचारा: ही गोळी किती दिवस? दुसऱ्या घराण्यातली असेल तर बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर, असं उत्तर यायला हवं.

राहता राहिली कळंबची मावशी. तिनं हा लेख वाचून उद्या सकाळी गोळ्या उकिरड्यावर फेकल्या तर माझी चूक होईल. वर्षानुवर्षांची अल्प्राझोलाम अचानक तोडली तर फिट येऊ शकते. डॉक्टर बऱ्याचदा तिच्या जागी जास्त वेळ टिकणारी गोळी देतात आणि दर काही आठवड्यांनी थोडी थोडी कमी करत नेतात. कुणाला तीन महिने लागतात, कुणाला वर्ष. मधे एखाद्या पायरीवर महिनाभर थांबावं लागलं तरी चालतं.

(पुढच्या आठवड्यात: देवऋषी, अंगारा आणि मानसोपचार एकाच घरात कसे नांदतात.)