‘पॅरिश’ : एक शब्द आणि एक ग्रामसंस्था

काही दिवसांपूर्वी एम. ए.च्या वर्गातील एका विद्यार्थिनीने एका इंग्रजी कादंबरीतील काही प्रकरणांचा अनुवाद तपासण्यासाठी मजकडे दिला. कादंबरी इंग्लंडमधील एका लहानशा खेड्याभोवती रचलेली असल्यामुळे तीत ‘पॅरिश’ हा शब्द पानोपानी येत होता. अनुवादिकेने तो कोठे ‘धर्मक्षेत्र’, कोठे ‘गाव’, तर कोठे ‘ग्रामपंचायत’ असा उतरविला होता. यांतील प्रत्येक पर्याय त्या त्या वाक्यापुरता चुकीचा नव्हता. परंतु एकच वस्तू तीन नावांनी वावरत आहे, हे कळावयास वाचकाला काहीच साधन उरले नव्हते. शिवाय एक म्हातारी ‘पॅरिशवर’ दिवस काढते असे एक वाक्य होते, आणि तेथे तर तिन्ही पर्याय निरुपयोगी ठरत होते.

हा प्रश्न केवळ अनुवादाचा नाही. शब्दाचा अर्थ बदलतो, प्रसंगी उलटाही होतो, पण शब्द मात्र टिकून राहतो, या घटनेचे ‘पॅरिश’इतके बोलके उदाहरण क्वचितच आढळते. या शब्दाच्या पोटात एक सामाजिक प्रश्नही दडलेला आहे : मनुष्य गावचा केव्हा होतो, आणि ते ठरवावयाचे कोणी? प्रस्तुत लेखात शब्दाचा आणि संस्थेचा इतिहास एकत्र मांडून या प्रश्नाचा माग काढावयाचा आहे.

१

‘पॅरिश’चे मूळ ग्रीक ‘पारोइकिया’ या शब्दात आहे. ‘पारा’ म्हणजे शेजारी, जवळ. ‘ओइकोस’ म्हणजे घर. हा ‘ओइकोस’ आणि आपल्या संस्कृतातील ‘विश्’ व ‘वेश’ हे शब्द एकाच मूळ धातूपासून निघालेले आहेत. तेव्हा संस्कृत ‘प्रतिवेश’ आणि ग्रीक ‘पारोइकिया’ यांची घडण जवळजवळ सारखीच म्हणावयास हरकत नाही. मात्र ग्रीक नगरांत ‘पारोइकोस’ म्हणजे नुसता शेजारी नव्हे. नगरात राहणारा, परंतु नागरिकत्वाचे हक्क नसलेला परस्थ मनुष्य, असा त्याचा अर्थ होता. मराठीत याला अगदी जवळचा शब्द शोधावयाचा झाल्यास तो आपल्या जुन्या जमीनव्यवस्थेतील ‘उपरी’ हा होय. मिरासदाराला गावात वंशपरंपरागत हक्क असे. उपरी जमीन कसे, पण त्याचे मूळ त्या गावात नसे.

प्रारंभीच्या ख्रिस्ती लोकांनी हा शब्द आपण होऊन स्वतःस लावला. आपले खरे नगर स्वर्गात आहे, या जगात आपण केवळ वस्तीला आलेले परदेशी आहोत, अशी त्यांची भावना होती. म्हणून एखाद्या ठिकाणच्या आपल्या समूहास ते ‘पारोइकिया’ म्हणू लागले. पुढे धर्माला राजाश्रय मिळाला, चर्चच्या इमारती उभ्या राहिल्या, धर्मगुरूंची क्षेत्रे आखली गेली. समूह स्थिर झाला आणि त्याबरोबर शब्दही स्थिरावला. लॅटिन ‘पारोकिया’ व पुढे फ्रेंच यांच्या वाटेने तो १३व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत दिसू लागतो, तेव्हा त्यातील परकेपणाचा मागमूसही उरलेला नाही. आता ‘पॅरिश’ म्हणजे एक चर्च, एक धर्मगुरू आणि त्याला धान्याचा दशांश देणारी ठरावीक हद्दीतील जमीन. ‘उपरी’ या शब्दाचा अर्थ कालांतराने ‘मिरासदार’ असा झाला असता, तर जे घडले असते तेच येथे घडले.

गोमंतकातील वाचकांस या ठिकाणी एक समांतर शब्द आठवेल. कोकणीतील ‘फिर्गज’ हा शब्द पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’वरून आलेला असून त्याचे मूळ ‘चर्चचा पुत्र’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दप्रयोगात आहे. पोर्तुगालमध्ये हाच शब्द आज मुलकी कारभाराच्या सर्वांत खालच्या घटकाचेही नाव आहे. धर्मक्षेत्राचे नाव मुलकी क्षेत्राला चिकटावे, ही गोष्ट केवळ इंग्लंडपुरती नाही, एवढेच यावरून ध्यानी घ्यावयाचे.

२

इंग्लंडमध्ये हे संक्रमण घडले ते मुख्यतः दारिद्र्यामुळे. १५३८ मध्ये टॉमस क्रॉमवेलच्या आदेशाने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही सुरू झाली. आपला मनुष्य कोण, हे कागदावर येऊ लागले. १६०१च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपल्या निराधारांना पोसण्याची जबाबदारी टाकली. त्यासाठी पॅरिशमधील मिळकतींवर कर बसविण्याचा आणि दरवर्षी देखरेख करणारे नेमण्याचा अधिकारही दिला. वरील कादंबरीतील म्हातारी ‘पॅरिशवर’ दिवस काढत होती म्हणजे या करातून मिळणाऱ्या मदतीवर जगत होती. डिकन्सने १८३७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध करावयास घेतलेल्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’च्या उपशीर्षकात नायकाला ‘पॅरिशचा मुलगा’ म्हटले आहे, तेही याच अर्थाने.

परंतु ‘आपले’ निराधार पोसावयाचे म्हटले की ‘परके’ कोण हेही ठरवावे लागते. १६६२च्या वसाहतविषयक कायद्याने ते ठरविले. वर्षाला १० पौंडांहून कमी भाड्याच्या घरात येऊन राहिलेला नवखा मनुष्य पुढेमागे पॅरिशवर भार होईल असे वाटल्यास, ४० दिवसांच्या आत तक्रार करून दोन न्यायाधीशांच्या हुकमाने त्याला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत धाडता येई. १६९७च्या कायद्याने मदत घेणाऱ्यांनी आपल्या उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचे ‘पी’ हे अक्षर आणि त्यासोबत पॅरिशच्या नावाचे आद्याक्षर वागवावे असे फर्माविले. अनौरस मूल जेथे जन्मेल तेथील पॅरिशचे ठरत असल्यामुळे, दिवस भरत आलेल्या निराधार स्त्रीला प्रसूतीपूर्वी हद्दीपलीकडे लोटण्याचे प्रकारही घडत. मुळात परक्याचे नाव असलेला शब्द आता परक्याला हुसकावून लावण्याचे साधन बनला होता.

हद्दीला एवढे महत्त्व का होते, हे यावरून सहज समजेल. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणापूर्वीच्या दिवसांत धर्मगुरू व गावकरी मिळून पॅरिशच्या शिवेवरून फिरत, काठ्यांनी शिवेचे दगड ठोकत, आणि बरोबर नेलेल्या मुलांना त्या दगडांवर आपटत किंवा छड्या मारीत. नकाशे दुर्मिळ होते. शीव म्हाताऱ्यांच्या आठवणीत असे, आणि ती पुढच्या पिढीच्या अंगावर कोरण्याचा हा मार्ग होता. ऑक्सफर्डसारख्या काही ठिकाणी हा विधी आजही होतो. अर्थात मुलांना आता मार बसत नाही.

१८३४ मध्ये अनेक पॅरिशांचे संघ करून निराधारांची व्यवस्था त्यांच्याकडे देण्यात आली. गरीब कायद्याची सारी व्यवस्था मात्र १९४८ मध्येच कायमची रद्द झाली.

३

या काळात पॅरिशचा कारभार चाले तो ‘व्हेस्ट्री’त. व्हेस्ट्री म्हणजे धर्मगुरूने पोशाख घालावयाची चर्चमधील खोली. तेथे सभा भरे म्हणून सभेलाच ते नाव पडले. आपल्याकडे ‘दरबार’ हा शब्द असाच जागेवरून जमावाकडे गेला. व्हेस्ट्रीच्या बाबतीत मात्र हे नाव अनेकांना खुपत असे, कारण मेथडिस्टादी अन्य पंथांच्या गावकऱ्यांनाही गावचा कारभार ज्या चर्चला ते जात नाहीत त्याच्या छायेत होताना पाहावा लागे. चर्चसाठीची सक्तीची पट्टी १८६८ मध्ये बंद झाली. सभा मात्र तेथेच राहिली.

ग्लॅडस्टनच्या अखेरच्या मंत्रिमंडळाच्या काळात पुढे आलेल्या १८९४च्या स्थानिक शासन कायद्याने ही गाठ तोडली. व्हेस्ट्रीची मुलकी कामे काढून घेऊन, ३०० किंवा त्याहून अधिक वस्तीच्या ग्रामीण पॅरिशमध्ये निवडून आलेले कौन्सिल आणि सर्व पॅरिशांत मतदारांची सभा स्थापन झाली. विवाहित स्त्रियांनाही येथे मताचा व उमेदवारीचा अधिकार मिळाला. पार्लमेंटसाठी स्त्रियांना मत मिळावयास १९१८ साल उजाडावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे या तरतुदीचे मोल कळते. पहिल्या निवडणुका डिसेंबर १८९४ मध्ये झाल्या. सभा चर्चमध्ये नको तर कोठे, याचाही विचार कायद्याने केला होता : शाळेची खोली वापरण्याची मुभा होती, मद्यविक्रीच्या जागी मात्र दुसरी सोईची जागा मिळत नसेल तरच बसावयाचे. हा निर्बंध आजच्या कायद्यातही आहे.

तेव्हापासून ‘पॅरिश’ या एका नावाखाली दोन गोष्टी नांदत आहेत. एक चर्चची, तिचे स्वतंत्र मंडळ १९२१ पासून कायद्याने आहे. दुसरी मुलकी, तिचे ते पॅरिश कौन्सिल. दोहोंच्या हद्दीही आता सर्वत्र जुळत नाहीत. अनुवादकाची फसगत होते ती येथेच. ‘पॅरिश क्लार्क’चे उदाहरण पाहा. ‘क्लार्क’ म्हणजे मूळचा धर्मसेवक; प्रार्थनेच्या वेळी चर्चमध्ये प्रतिसाद म्हणणारा. आज त्याच नावाचा मनुष्य कौन्सिलचा पगारी चिटणीस असून कार्यक्रमपत्रिका, इतिवृत्त व हिशेब सांभाळतो.

४

१९७४ मध्ये अमलात आलेल्या १९७२च्या कायद्याने ग्रामीण जिल्हे मोडीत काढले, परंतु पॅरिश टिकले. आज इंग्लंडमध्ये शहरांतील समकक्ष मंडळे धरून सुमारे १०,००० कौन्सिले आहेत. सदस्य किमान ५ असावे लागतात. सभेची सूचना ३ पूर्ण दिवस आधी लावावी लागते, आणि सभा जनतेस व वृत्तपत्रांस खुली असते. हा हक्क देणारे १९६०चे विधेयक मार्गारेट थॅचर यांनी आपल्या पार्लमेंटमधील पहिल्या भाषणात मांडले होते. १ मार्च ते १ जून यांच्या दरम्यान एकदा, संध्याकाळी ६ वाजण्यापूर्वी नव्हे, साऱ्या मतदारांची सभा भरते. दिवसभर राबणाऱ्यांना येता यावे असा या वेळेचा अर्थ आहे.

कौन्सिलच्या कामांची यादी वाचताना प्रथम हसू येते : पायवाटा, बाके, बसथांबे, घड्याळे, दिवे, दफनभूमी, युद्धस्मारक, खेळाचे मैदान. भाजीपाला लावण्यासाठी जमिनीचे तुकडे हवेत असे ६ मतदारांनी लिहून दिल्यास कौन्सिलला त्या मागणीची दखल घ्यावी लागते. हा नियम १९०८चा आहे. नव्या बांधकामावर कौन्सिल मत देऊ शकते, परवानगी देणारे मात्र वरचे मंडळ असते. खर्चासाठी ‘प्रीसेप्ट’, म्हणजे वरच्या मंडळाने घरपट्टीबरोबर वसूल करून द्यावयाची रक्कम, कौन्सिल स्वतः ठरविते. गावच्या बातम्याही अशाच : रस्त्यावर झुकलेले कुंपण, वाहनांचा वेग, बंद पडू घातलेली बस, आणि त्यांच्या जोडीला फुलांचे प्रदर्शन, स्त्रियांच्या मंडळाची बैठक, सभागृहाच्या छपरासाठी वर्गणी.

या क्षुल्लकतेमुळेच इंग्रजीत ‘पॅरोकियल’ हे विशेषण संकुचित या अर्थाने रूढ झाले, आणि संकुचित राजकारणाला ‘पॅरिशच्या पंपाचे राजकारण’ म्हणू लागले. पण एका पॅरिशपुरते पाहणे म्हणजे कमी पाहणे नव्हे. गिल्बर्ट व्हाइट याने हॅम्पशरमधील आपल्या सेलबर्न या पॅरिशमधील पक्षी, झाडे व ऋतू यांची वर्षानुवर्षे केलेली निरीक्षणे १७८९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, आणि निसर्गाच्या अभ्यासात त्या ग्रंथाला मानाचे स्थान मिळाले.

तसेच, या क्षुल्लक कामांच्या आड तो जुना प्रश्नही जिवंत आहे. २०११च्या कायद्याने पॅरिश पातळीवरील मंडळांना आपल्या परिसराची विकासयोजना आखून ती लोकमतास टाकण्याचा मार्ग दिला. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ज येथे बाहेरच्या धनिकांनी सुट्टीपुरती घरे घेतल्यामुळे स्थानिकांना घरे परवडेनाशी झाली होती. तेथील मतदारांनी २०१६ मध्ये मोठ्या बहुमताने असा नियम संमत केला की, नव्याने बांधलेले घर तेथे कायम वास्तव्य करणाऱ्यासाठीच असावे. त्याविरुद्धचा दावा उच्च न्यायालयाने त्याच वर्षी फेटाळला. १६६२ मध्ये पॅरिशला गरीब उपऱ्याचे भय होते. आता श्रीमंत उपऱ्याचे आहे. दोन्ही कायद्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल, कारण पहिल्याने दुबळ्याला घालविले, तर दुसरा दुबळ्याला राहू देऊ पाहतो. तथापि प्रश्न तोच आहे.

५

आता अनुवादाकडे वळावयाचे. ‘ग्रामपंचायत’ हा पर्याय मोहक आहे. पण ‘पंचायत’ या शब्दात पंचांच्या निवाड्याची स्मृती आहे, पॅरिश कौन्सिल निवाडा करीत नाही. आपल्या ग्रामपंचायतीकडे शासनाच्या योजना व निधी येतात. पॅरिश कौन्सिल मुख्यतः स्वतःच्या पट्टीवर चालते. मतदारांची सभा आणि आपली ग्रामसभा यांत साम्य अधिक आहे. हेन्री मेन याने १८७१ मध्ये पूर्व-पश्चिमेच्या ग्रामसमाजांची तुलना मांडली, तेव्हापासून अशा तुलना होत आल्या आहेत. त्या उपयुक्त आहेत, पण समीकरणे नव्हेत. म्हणून माझ्या मते ‘पॅरिश’ हा शब्द तसाच ठेवावा आणि पहिल्या आढळी चर्चचे की मुलकी, हे वाक्यातच उलगडून सांगावे. ‘पॅरिशवर’ जगणाऱ्या म्हातारीसाठी मात्र ‘गावाने पोसलेली’ एवढे पुरे आहे.

त्या विद्यार्थिनीस मी एवढेच सुचविले की, हा शब्द दिसेल तेथे प्रथम विचारावे : येथे आत कोण आहे, आणि हद्दीबाहेर कोण उभा आहे? शब्दाचा त्या ठिकाणचा अर्थ बहुधा त्या उत्तरातच सापडतो.