काउंटरपलीकडचा माणूस

"काका, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का तुम्हाला?"

गुडघा धरून आलेल्या गृहस्थांनी फक्त दुखण्यावरची गोळी मागितली होती. आता त्यांनी पिशवीतून जुनी चिठ्ठी काढली. अँजिओप्लास्टी झाल्यापासून ती गोळी रोज चालू होती. काउंटरपलीकडच्या माणसानं हातातली स्ट्रीप पुन्हा खणात ठेवली. "दोन्ही एकदम घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आधी डॉक्टरांना विचारा, मग देतो." विक्री गेली, पण फार्मासिस्टचं काम झालं.

पूर्वी हे काम हातांचं होतं. दवाखान्याच्या खिडकीआड कंपाउंडर बसे. घरून धुऊन आणलेली बाटली त्याच्यापुढे ठेवायची. तो बरणीतलं मिक्श्चर मोजून ओतायचा आणि बाटलीवर कडेनं कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. पावडर खलात घोटून पुड्या बांधायचा. पुढे कारखान्यातून तयार स्ट्रीप यायला लागल्या आणि खल अडगळीत गेला. औषध बनवणं संपलं, देणं तेवढं उरलं. देणं काय, कुणालाही जमतं, हा समज तिथूनच रुजला.

कायद्याला मात्र तो मान्य नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं ४२ वं कलम सांगतं, की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं. त्यासाठी निदान डी.फार्म. हवं: बारावी सायन्सनंतर दोन वर्षं आणि वर ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. औषध कसं घ्यायचं हे रुग्णाला समजावून सांगणंही २०१५ च्या नियमावलीनं त्याच्या कामात धरलं.

त्याचा दिवस बघावा. इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे, म्हणून लाइट गेली की फ्रिजचं दार उघडायचं नाही. चार गोळ्या कापून द्यायच्या तर कात्री अशी चालवायची, की बॅच नंबर आणि एक्स्पायरीची बाजू शेवटपर्यंत शाबूत राहील. काही अँटिबायोटिक्स, टीबीची आणि सवय लावणारी औषधं २०१४ पासून 'शेड्यूल एच-१'मध्ये आहेत. ती देताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग वेगळ्या रजिस्टरात लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. अँटिबायोटिक्स फुटाण्यासारखी वाटली गेली तर उद्या ती लागू पडणार नाहीत, या भीतीतून ही वही आली.

धंदा मात्र दुसऱ्याच दिशेला पळतोय. ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा २०१८ मध्ये निघाला. मार्च २०२० मध्ये, लॉकडाऊन लागताच, केंद्रानं औषधं घरपोच द्यायला परवानगी दिली आणि लोकांना मोबाइलवरून मागवायची सवय लागली. अॅपवर सूट, म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या पाटीवरही सूट. किंमत-नियंत्रणातल्या औषधांवर दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के धरलेलं असतं. सूट त्यातूनच निघते, मग काटकसर पगारात होते. म्हणून काही दुकानांत भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं आणि काउंटरवर दहावी-बारावीचा पोरगा दुसराच. नाव भाड्यानं मिळतं, ज्ञान मिळत नाही.

अॅप की दुकान हा वाद ग्राहकाच्या खिशाचा आहे आणि खिसाही महत्त्वाचा आहे. दीर्घ आजारात महिन्याला शंभर रुपये वाचले तरी घराला कळतात. पण पाकीट हातात पडण्याआधी 'आणखी काय घेता?' असं विचारणारं कुणी नसेल, तर दोन्हीकडे आपण औषध नाही, नुसता माल विकत घेतो.

पुढच्या खेपेला मेडिकलमध्ये गेलात तर तीन गोष्टी करा. बिल मागा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या. आणि विचारा, "फार्मासिस्ट कोण आहेत?" उत्तर भिंतीकडे बोट दाखवून आलं, तर दुकान बदला.