सुरतची पालिका शाळा: सात माध्यमे, एक शहर

कोण चालवते? सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती. पहिली ते पाचवी प्राथमिक, सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. शिक्षण मोफत.

माध्यमे: गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू, इंग्रजी.

मुले कुठली? यंत्रमाग, साडी-बाजार आणि हिरे-उद्योगात पोट भरायला आलेल्यांची. लिंबायत, उधना, डिंडोली भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडची खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. ओडिया कामगारांत गंजाम जिल्ह्याचे अधिक. तेलुगू घरांत विणकर बरेच.

खानदेशी मुलाच्या घरी अहिराणी, पुस्तकात प्रमाण मराठी, गल्लीत हिंदी आणि दुकानाच्या पाटीवर गुजराती. मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तकेही गांधीनगरचे पाठ्यपुस्तक मंडळ छापते.

गुजराती सक्तीची: 2023च्या राज्य कायद्याने पहिली ते आठवीच्या सर्व शाळांत गुजराती शिकवणे बंधनकारक.

गुणवत्ता कशी मोजतात?
- गुणोत्सव: 2009पासून. वाचन, लेखन, गणन तपासून शाळेला श्रेणी.
- निपुण भारत: जुलै 2021पासून. तिसरीअखेर समजून वाचता यावे, साधी आकडेमोड जमावी, हे लक्ष्य.

फरक लक्षात घ्या: गुणोत्सवाची श्रेणी शाळेला मिळते, प्रगतिपत्रक मुलाला.

नियम
- शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010पासून लागू. वयोगट 6 ते 14.
- शिक्षकामागे विद्यार्थी: प्राथमिकला 30, उच्च प्राथमिकला 35.
- 2019च्या दुरुस्तीनंतर पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना. नापास करण्याआधी फेरपरीक्षेची संधी.
- गुजरातेत 2023-24पासून पहिलीच्या प्रवेशासाठी 1 जूनला 6 वर्षे पूर्ण हवीत.