सर्वांत मोठा हात कोणाचा?

गोकुळाष्टमीच्या जागरणात पुण्याच्या वाड्यांतून तीन पत्ती रंगायची. तीन एक्के आले की प्रश्नच मिटला. पण ते येणार सरासरी ५,५२५ डावांत एकदा! टेक्सास होल्डेम पोकरमध्ये मात्र मोठा हात नजरेनं शोधावा लागतो. पाच पानं सर्वांसमोर उघडी, दोन प्रत्येकाच्या हातात. उघड्या पानांत जोडी नसेल तर फुल हाउस कोणाकडेच नाही. बदाम, इस्पिक, कोणत्याही एका रंगाची तीन पानं नसतील तर फ्लशही नाही. अशा वेळी राणी, अठ्ठी, सत्ती, तिर्री, दुर्री पडली, तर तीन राण्याच सर्वश्रेष्ठ! हातातले दोन एक्के पाहून फुगणारा तिथंच बुडतो. आपली पानं सगळेच पाहतात. समोरच्याकडे काय असू शकेल, हे पाहणारा विरळा. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यास मनाई करणारा कायदा संसदेनं २०२५मध्ये केला. ही नजर मात्र पैशाविनाही शिकता येते.