घरातील आवाज जपताना

१७३१ साली डभोईजवळ भिलापूर येथे बाजीराव पेशवे आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांच्या सैन्यांची गाठ पडली व दाभाडे कामी आले. पुढे या प्रांतात गायकवाडांची सत्ता स्थिरावली आणि तिच्या आश्रयाने मराठी कुटुंबे येथे रुजली. १८५३ साली डभोईतच देह ठेवलेल्या कवी दयारामांच्या गरब्या कानांवर पडत असतानाही आमच्या घरांतील स्त्रियांनी मंगळागौरीची गाणी, पाळणे आणि ओव्या मुखोद्गत राखल्या. या गाण्यांचे शब्द वहीत उतरवून घेता येतात. परंतु चाल, हेल आणि मराठीत नकळत मिसळलेली गुजराती लकब कागदावर उतरत नाही. ती केवळ आवाजातच राहते, आणि ज्यांच्या कंठी हा ठेवा आहे त्या आजीबाई आता थकत चालल्या आहेत.

हेमा राईरकर व गी पॉयतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा केला. बृहन्महाराष्ट्रातील घरांसाठी असे काम दुसरे कोणी येऊन करील, ही आशा व्यर्थ आहे. ते ज्याचे त्यानेच केले पाहिजे. म्हणून घरी गायन मुद्रित करण्यासाठी लागणाऱ्या ऑडिओ इंटरफेस या उपकरणाविषयी चार गोष्टी सांगाव्यात, असे आम्हांस वाटते.

माईकमधून निघणारा विद्युतप्रवाह अतिशय क्षीण असतो. तो वाढवावयाचा आणि संगणकास कळेल अशा आकड्यांत मांडावयाचा, हे इंटरफेसचे काम. दोन भाषांमधील दुभाष्यासारखेच ते आहे. दुभाष्या कच्चा असला की मूळ बोलणे बिघडते. मोबाईल असताना याची गरज काय, असा प्रश्न साहजिक आहे. पुष्कळसे फोन संभाषणाच्या सोयीसाठी आवाज आपोआप लहानमोठा करतात व मंद ध्वनी गोंगाट समजून दाबतात. ओवीच्या शेवटी विरत जाणारा सूर नेमका त्यातच हरवतो.

निवड करताना प्रथम किती माईक जोडावयाचे ते ठरवावे. एकटी आजी गाणार असेल तर माईकची एक जोडणी पुरे. दोघी जावा आळीपाळीने गाणार असतील किंवा सोबत पेटी असेल, तर दोन हव्यात. कंडेन्सर माईक घ्यावयाचा असल्यास ४८ व्होल्टचा पुरवठा देण्याची सोय इंटरफेसमध्ये असलीच पाहिजे. असा माईक बारकावे टिपतो. त्याबरोबर पंखा, कुकरची शिटी आणि रस्त्यावरची रिक्षाही टिपतो. गजबजलेल्या घरात डायनॅमिक माईक बरा. मात्र त्याचा प्रवाह अधिक क्षीण असल्याने, वृद्ध व हळू आवाजासाठी ५५ ते ६० डेसिबल गेन देणारा इंटरफेस पाहावा.

मोठ्या आकड्यांना भुलू नये. माणसाच्या कानाची वरची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ आहे आणि तिच्या दुपटीहून थोडे अधिक नमुने दर सेकंदास घेतले की काम भागते. २४ बिट व ४८,००० हे प्रमाण घरच्या गायनास उत्तम. त्या हिशेबाने एका माईकचे तासाभराचे मुद्रण सुमारे ५२० मेगाबाइट जागा घेते. १,९२,००० च्या जाहिरातीसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा ते चांगल्या माईकवर व हेडफोनवर खर्चावेत. संगणकातून फिरून येणारा स्वतःचा आवाज किंचित उशिरा ऐकू आला की गाणारी व्यक्ती अडखळते. म्हणून माईकचा आवाज थेट हेडफोनमध्ये ऐकविण्याची सोय आहे ना, हेही दुकानातच पाहून घ्यावे. घरी संगणक नसेल तर उपकरण आपल्या फोनला जोडले जाते की नाही, याचीही खात्री करावी.

मुद्रणाच्या वेळी पंखा व फ्रीज बंद ठेवावेत, भिंतींवर गोधड्या टांगाव्यात आणि माईक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा. सर्वांत मोठा स्वर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन द्यावा. मंद मुद्रण मागाहून वाढविता येते. फाटलेला आवाज मात्र पूर्ववत होत नाही. गाणारीची संमती घ्यावी. आरंभी तिचे नाव, माहेर, गाण्याचा प्रसंग व तारीख तिच्याच तोंडून वदवून घ्यावी आणि प्रती निदान दोन ठिकाणी ठेवाव्यात.

एवढे सांगूनही एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. उत्तम यंत्र येईपर्यंत थांबू नये. हातातील फोनवर आजच एक गाणे मुद्रित करावे. इंटरफेस आल्यावर तेच गाणे पुन्हा म्हणवून घ्यावे. उपकरण पुढच्या महिन्यातही बाजारात मिळेल; आजीच्या आवाजाची तशी हमी कोणी देऊ शकत नाही.