जीपच्या चासीवर वेल्डिंगने जोडलेले भाग कसे काढावेत?

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईच्या माझगाव भागात विलीज जीपची जुळणी होऊ लागली, आणि १९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाल्यावर हे वाहन खेड्यापाड्यांतून परिचयाचे झाले. आजही डोंगराळ भागात जुन्या जीपगाड्या शेतमाल, खते व पाण्याची पिंपे वाहताना दिसतात. मात्र मूळ स्वरूपात राहिलेली जीप विरळाच. कोणी पुढे जाड नळ्यांचे संरक्षक कठडे जोडतो, कोणी मागे ट्रॉलीसाठी हुक, तर कोणी बाजूस फवारणी पंपासाठी लोखंडी ब्रॅकेट. बोल्टाने बसवावयाचे हे भाग बहुधा थेट चासीवर वेल्डिंगने चिकटविलेले असतात, आणि ते काढण्याची वेळ येते तेव्हा खरी अडचण उभी राहते.

ही वेळ आता अनेकांवर आलेली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनात अनधिकृत फेरफार करण्यास मनाई असून, पुढे जोडलेले असे कठडे या कलमाचा भंग करतात, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना कळविले. कायद्याचा प्रश्न बाजूस ठेवला तरी चासीच्या आरोग्याचा प्रश्न उरतोच. चासीच्या लांब तुळईवर भार पडला की तिच्या वरच्या व खालच्या कडांवर ताण सर्वाधिक येतो. मधल्या उभ्या भागावर तो पुष्कळच कमी असतो. म्हणून खालच्या कडेवर आडवा घातलेला वेल्डिंगचा जोड सर्वांत घातक होय. तेथून सूक्ष्म भेग सुरू होते, खड्ड्याखड्ड्यातून वाढत जाते, आणि एखाद्या दिवशी भरलेली गाडी घाट उतरत असता चासी दुभंगते.

काम सुरू करण्यापूर्वीची तयारी हाच या कामाचा निम्मा भाग आहे. गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. गाडी उचलावयाची असल्यास केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कदापि शिरू नये. चासीखाली मजबूत घोड्या लावाव्यात. बॅटरीची ऋण तार प्रथम व धन तार नंतर सोडवून बॅटरी दूर ठेवावी. जुन्या जीपमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालीच असते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. ती उतरवून कामाच्या जागेपासून लांब न्यावी. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहणे ही मोठीच चूक. रिकाम्या टाकीत हवा व पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण असते आणि ते भरलेल्या टाकीपेक्षा अधिक स्फोटक असते. चासीच्या कडेने जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्या, इंधनाच्या नळ्या व विजेच्या तारा शोधून त्या बाजूस घ्याव्यात किंवा काढून ठेवाव्यात.

जोडाभोवतालचा चिखल, ग्रीस व जुना रंग खरवडून काढावा. धुण्यासाठी पेट्रोल वापरू नये. बाजारात ब्रेक साफ करण्याचे जे फवारे मिळतात, त्यांपैकी क्लोरिनयुक्त द्रव असलेला फवारा तर मुळीच नको. असा द्रव तापला असता फॉसजीन वायू निर्माण होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात युद्धवायू म्हणून वापरला गेलेला हाच तो वायू. साबणाचे पाणी व तारेचा ब्रश पुरेसा आहे. दोन्ही तोंडे बंद असलेली नळी कापावयाची असेल, तर आतील हवेला वाट मिळावी म्हणून तीस आधी ड्रिलने भोक पाडावे.

गॅस कटरने काम झटपट होते, पण ते चासीजवळ चालवू नये. उष्णतेने पत्रा वाकतो व आसपासच्या वस्तू पेट घेतात. हाताचा ग्राइंडर बरा. चकतीवर लिहिलेली फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या गतीपेक्षा कमी नसावी आणि यंत्राचे संरक्षक कवच काढू नये. कवच काढले की हात आत पोचतो, हे खरे. पण चकती फुटली की तिचे तुकडे थेट चेहऱ्यावर येतात. डोळ्यांवर गॉगल व त्यावर चेहऱ्याचे आवरण, अंगात घट्ट सुती कपडे व पायांत चामडी बूट असावेत. लोंबणारा गमछा, धोतराचा सोगा वा पदर चकतीत गुंतला तर सुटका होत नाही.

कापण्याचा क्रम असा. प्रथम चासीपासून ३ ते ५ मिलिमीटर अंतर राखून जोडलेला भाग कापावा. सुटू लागलेला भाग स्वतःच्या वजनाने खाली झुकतो, काप मिटतो, चकती त्यात अडकते आणि यंत्र कामगाराच्या अंगावर उसळते. म्हणून त्या भागास खालून टेकू द्यावा किंवा तो साखळीने बांधून ठेवावा. उरलेला जोड जाड चकतीने घासावा. कापण्याची पातळ चकती आडवी धरून घासू नये, ती फुटते. शेवटचा पातळ थर फ्लॅप चकतीने किंवा कानशीने हळूहळू उतरवावा. घासण्याच्या रेघा चासीच्या लांबीच्या दिशेने असाव्यात, आडव्या नव्हेत. पत्र्यात खळगा पडण्यापेक्षा जोडाचा किंचित उंचवटा राहिलेला पत्करला. छिन्नी व घणाने जोड उखडण्याचा मोह टाळावा, त्याबरोबर चासीचा पत्राही फाटतो.

जस्ताचा मुलामा असलेल्या नळ्या गॅसने कापल्यास त्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. यावर दूध प्यावे असा समज कारागिरांत आहे. त्याने काही साधत नाही. मोकळ्या हवेत काम करावे, आणि त्रास झाल्यास डॉक्टरांकडे जावे.

कामाच्या वेळी पाण्याची बादली, वाळू व शक्य तर पावडरचे अग्निशामक जवळ असावे. पेट्रोल पेटल्यास पाणी टाकू नये, वाळू टाकावी. काम संपल्यावर निदान अर्धा तास एकाने तेथेच थांबून पाहावे. आसनाच्या काथ्यात गेलेली ठिणगी बराच वेळ धुमसत राहते.

चासी पूर्ण थंड झाल्यावर भेगांची तपासणी करावी. रेल्वेच्या कारखान्यांतून पूर्वी रूढ असलेली पद्धत येथेही उपयोगी पडते. जागा स्वच्छ करून तीवर रॉकेल लावावे, थोड्या वेळाने पुसून कोरडी करावी व खडूची पूड भुरभुरावी. भेग असेल तेथे मुरलेले रॉकेल वर येऊन पुडीवर ओली रेघ उमटते. अशी रेघ दिसली, वा पत्रा पातळ झालेला आढळला, तर गाडी भाराने चालवू नये. प्रशिक्षित वेल्डरकडूनच दुरुस्ती करून घ्यावी. भेग नसल्यास त्याच दिवशी रेड ऑक्साईडचा हात द्यावा, कारण उघडे लोखंड पावसाळ्यात एका रात्रीत गंजते.

नवा भाग बसवावयाचाच असेल तर त्या गाडीसाठी बनविलेला व बोल्टाने बसणारा घ्यावा. मुंबईस येणे होणाऱ्यांना गिरगावनजीक ऑपेरा हाऊसच्या परिसरात गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने आढळतील. जाताना जुना भाग किंवा भोकांच्या मापांचा कागदी साचा बरोबर न्यावा. चासीच्या वरच्या व खालच्या कडांना नवी भोके पाडू नयेत, मूळ भोकेच वापरावीत. आणि गाडी पहिल्यांदा भाराने चालविल्यानंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळून पाहावेत.